लाल अक्षरं आणि पुढची ओळ

आमच्या काँप्युटर रूममध्ये एक खण आहे. त्यात जुन्या केबली आहेत. कुठली कशाची, कोणालाच ठाऊक नाही. टाकायला घेतल्या की कोणीतरी म्हणतंच, "असू दे, लागंल कवातरी!" किस्स्यांचं तसंच होतं. एकेक करून पडत जातात, गुंता वाढतो, आणि एक ओढायला जावं तर सगळेच बाहेर येतात.

एरवी माझं ऐकायला कोणी नसतं. मी मूळचा शिरूरचा. आई गेल्यापासून तिथल्या घराला कुलूप आहे. इथं भांडगावात, कंपनीपासून पाच मिनिटांवर भाड्याची खोली घेतली आहे. खोलीत बोलायचं तर फ्रिजशी, आणि तो नुसता गुरगुरतो. त्यामुळे आज तुम्ही सापडला आहात तर सोडत नाही!

आधी कामाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते. काँप्युटर रूममध्ये आम्ही दोघंच, मी दत्ता आणि कोकरे मामा. मामा खुटबावचे. आजोबांनी मेंढरं राखली, वडलांनी शेती केली आणि मामांनी तीस वर्षं कंपनीच्या इलेक्ट्रिकलमध्ये काढली. गुडघे गेले, शिडी चढवेना, तेव्हा साहेबांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. म्हणाले, "बसल्या बसल्या स्क्रीनवर लक्ष ठेवतील."

स्क्रीनवर चालायच्या माझ्या स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या कमांड. काँप्युटर वरून खाली एकेक ओळ करत जातो. एखादी फसली तर काय करायचं, हे त्याला सांगून ठेवता येतं. जागीच थांब म्हणावं, किंवा गपगुमान पुढं जा, कोणाला कळू देऊ नको म्हणावं. आणि आपण काहीच सांगितलं नाही, तर तो लाल अक्षरांत एकदा बोंब मारतो आणि पुढची ओळ करायला घेतो. याला आमच्यात डीफॉल्ट म्हणतात.

मामांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजी आमचा थोरला चुलता! बांधावर शिव्या घालायचा आन् नांगर तसाच पुढं!"

*

मामांचा रूममधला पहिलाच दिवस. त्यांना खुर्चीत बसवून मी चहाला गेलो. परत येतो तर रूममध्ये चिडीचूप. सर्व्हर बंद, स्क्रीन बंद. शॉप फ्लोअरवरून फोनवर फोन. आणि मामा मेन स्विचवर हात ठेवून उभे!

"मामा, काय केलंत?"

"लाल आलं."

"कुठं लाल आलं?"

"स्क्रीनवर. चार ओळी. मी मेन पाडला. यूपीएस बी बंद केला, उगं काय ऱ्हायला नको."

"अहो, ते रोज येतं! एक प्रिंटर सापडत नाही, एवढंच सांगत असतो तो!"

मामांनी हात काही काढला नाही. म्हणाले, "दत्ता, तीस वर्सं इलेक्ट्रिकलमधी काढली. लाल दिसल्यावर जो चालू ठिवतो, त्येच्या फोटूला हार लागतो!"

साहेबांनी दोघांनाही उभं करून झापलं. पण तो प्रिंटर मात्र त्याच दिवशी दुरुस्त झाला. त्याआधी वर्षभर मी ती लाल अक्षरं बघत होतो आणि चहा पीत होतो.

*

आता माझी चूक सांगतो, नाहीतर म्हणाल मामांवरच घसरतोय.

एक स्क्रिप्ट होती दोनच ओळींची. पहिली ओळ: जुन्या फायलींच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी: जिथं उभा आहेस तिथलं सगळं पुसून टाक. एकदा सफाईवाल्या मावशींचा झाडू लागून डिस्कची वायर सैल झाली. फोल्डरच सापडेना. पहिल्या ओळीनं लाल बोंब मारली, आणि दुसऱ्या ओळीनं इमानेइतबारे, जिथं उभी होती तिथलं सगळं पुसून टाकलं! ती उभी होती कॅन्टीनच्या फोल्डरमध्ये. दहा वर्षांच्या मेनूच्या याद्या गेल्या.

मामा म्हणाले, "गड्याला सांगितलं, गोठ्यात जा आन् लोटून काढ. गड्याला गोठाच घावला न्हाई, तर त्यानं देवघर लोटून काढलं!"

मी कॅन्टीनच्या आप्पांकडे गेलो. म्हटलं, "आप्पा, तुमच्या मेनूच्या याद्या गेल्या. माझ्याकडून पुसल्या गेल्या."

आप्पा कढईतून मानही वर न करता म्हणाले, "कसल्या याद्या? फ्लावर-बटाटा करायला याद्या कशाला लागत्यात!"

*

एकदा बाहेरून कस्टमर येणार होते. साहेब आदल्या दिवशी रूममध्ये डोकावले. साहेब पुण्याचे, इस्त्रीचे, बोलणंही इस्त्रीचं. म्हणाले, "दत्ता, हे जे लाल लाल येतं ना स्क्रीनवर, ते वाईट दिसतं. उद्या नको."

मी म्हटलं, "साहेब, ते दिसणार नाही असं करता येतं. पण मग चुकलेलंही कळणार नाही."

"नको कळू दे."

मी सगळ्या स्क्रिप्टच्या वरचा एक शब्द बदलला. गपगुमान पुढं जा. झालं! दुसऱ्या दिवशी कस्टमर आले, स्क्रीन बघितली, कुठं लाल ठिपका नाही. "व्हेरी क्लीन," म्हणाले. साहेबांनी आमच्या दोघांच्या पाठी थोपटल्या. मामा दिवसभर पाठ चोळत होते. पहिल्यांदाच कोणी थोपटली म्हणे.

मी तो शब्द परत बदलायला विसरलो. पुढं दहा-बारा दिवसांनी कळलं, खोक्यांवरची लेबलं छापणारी स्क्रिप्ट रोज फसत होती आणि रोज गपगुमान पुढं जात होती. कोऱ्या लेबलांची खोकी कस्टमरच्याच दारात जाऊन पोचली.

साहेब लालबुंद. "एवढे दिवस आपल्याला कळलं कसं नाही?"

मामा अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमीच म्हनला व्हता, नको कळू दे!"

*

मामांनी माझं लग्न जमवायचं मनावर घेतलं होतं. तेव्हा मामी होत्या. मामी म्हणायच्या, "दत्ताचा डबा बघवत न्हाई मला." खरंच नव्हता बघवत. कॅन्टीनची भाजी संध्याकाळी नेऊन तीच सकाळी आणायचो.

मामांनी कोरेगाव भीमाचं एक स्थळ काढलं. आम्ही गेलो. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलगी पदवीधर, दिसायला छान. तिनं एकच विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करता?" मी लाल अक्षरांपासून सुरुवात केली. मामांनी टेबलाखालून पाय दाबला, पण मी पुढच्या ओळीवर गेलो होतो. मुलीच्या वडलांनी निघताना हात धरून सांगितलं, "कळवतो हं."

एक आठवडा गेला. एक महिना गेला. मी फोन उशाशी ठेवून झोपायचो. एक दिवस मामाच म्हणाले, "दत्ता, नगं वाट बघू. नकार हाय, पर लाल अक्षरात न्हाई दिला. गपगुमान पुढं गेल्यात ते."

वर्षभरानं त्या वडलांचा खरंच फोन आला! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "ओळखलंत का? तुमच्या कंपनीत आमच्या जावयाला कुठं चिकटवता येईल का?"

चिकटवला. मुलगा चांगला आहे. त्याचा डबा घरचा असतो, आणि कधीकधी तो मला त्यातली अर्धी भाकरी आणून देतो. चव चांगली असते. मी खाऊन टाकतो.

*

रोज सकाळी सातला आमची एक स्क्रिप्ट चालते. तिला आम्ही हजेरी म्हणतो. ती प्लांटमधल्या प्रत्येक काँप्युटरला हाक मारते, आणि जे 'ओ' देतात त्यांची यादी साहेबांना मेल करते. एकानं 'ओ' दिली नाही तर स्क्रीनवर लाल ओळ येते आणि हाक पुढच्याला जाते.

एकदा मामा गेटवर वॉचमनपाशी बसले होते. शुक्लाजी त्याचं नाव, उत्तर प्रदेशचा, त्याची बायको-मुलं तिकडंच. मामांनी बघितलं, गेटवरचा काँप्युटर काळा पडलेला. मला बोलावलं. मी विचारलं, "शुक्लाजी, ये कब से बंद है?"

"होली से, साहब."

तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती!

"अरे, बताया क्यों नहीं?"

"किसी ने पूछा नहीं, साहब."

आम्ही रूममध्ये येऊन मेल काढून बघितल्या. रोज यादी गेली होती. यादीत जे होते ते सगळे ठीक होते. होळीपासून एक नाव कमी होतं, आणि ते साहेबांना दिसलं नाही, मला नाही, कोणालाच नाही. लाल ओळ रोज येत असणार. रोज वर सरकून जात असणार.

मामांनी ती यादी वरून खाली परत एकदा वाचली. मामींना जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. मग म्हणाले, "म्हंजी जो न्हाई, त्येचं नावच न्हाई."

मी चहा मागवला.

*

मामांना एकच मुलगी, वैशाली. बंगळुरात आमच्याच धंद्यात आहे, माझ्यापेक्षा कितीतरी वर. मामींचं सगळं उरकून परत जाताना तिनं मामांकडून कबूल करून घेतलं होतं, "बाबा, रोज सकाळी कंपनीतनं मला एक मेल टाकायची. एका शब्दाची टाका, पण टाका. म्हणजे मी निवांत."

मामा एका बोटानं टाइप करायचे. "चाललंय. बाबा." रोज तेवढंच. एके दिवशी गडबडीत राहिलं. दुपारी वैशालीनं खुटबावातल्या चार घरी फोन केले, कंपनीत केला, साहेबांना केला. मामा फोनवर लहान मुलासारखे "चुकलं माजं, चुकलं" म्हणत होते.

मग मला म्हणाले, "दत्ता, तुज्या हजेरीत माजी बी एक वळ घाल की. पोरीला घोर नको."

मी घातली. हजेरीच्या शेवटी एक कमांड: सातला वैशालीला मेल, "चाललंय. बाबा." पाच मिनिटांचं काम होतं, आणि मला त्याचं कौतुकही वाटलं!

सात वाजून पाच मिनिटांनी तिचं उत्तर यायचं. "बरं वाटलं बाबा. काळजी घ्या." मामा मला खुर्चीसकट ओढून दाखवायचे. "बघ! पाच मिन्टात! वाटच बघत आसती पोरगी."

"रोज तेच लिहिते हो मामा."

"आईवर गेलीया. मोजकं बोलती."

*

गेल्या वर्षी मामांनी गावच्या जत्रेसाठी सोमवारची रजा टाकली. मंगळवारी आले नाहीत. मी फोन लावला, स्विच ऑफ. म्हटलं, जत्रा लांबली असेल. बुधवारीही आले नाहीत. मी परत लावला, परत तेच. मग एक प्रिंटर बिघडला आणि मी तिकडं गेलो. म्हणजे बघा, दोनदा लाल अक्षरं आली होती, आणि दोन्हीदा मी पुढच्या ओळीवर गेलो होतो.

गुरुवारी कंपनीची साप्ताहिक सुट्टी. खोलीत करमेना म्हणून गाडी काढली आणि खुटबावला गेलो. मामांचं घर वस्तीवर, एकटं, शेजार नाही. दार नुसतं लोटलेलं. आत मामा बाजेवर. अंग भाजत होतं, ओठ फुटलेले, पाण्याचा तांब्या आडवा. रविवारपासून ताप. मोबाईल उशाखाली मरून पडलेला.

मी पाणी पाजलं. दोन घोट पोटात गेल्यावर मी ओरडलोच, "मामा, पोरीला तरी कळवायचं!"

मामा हसले. ताप होता, तरी हसले. "मी कशाला कळवू? तूच कळवतुयास की रोज. चाललंय म्हनून."

त्यांना दवाखान्यात भरती केलं. संध्याकाळी मी रूममध्ये येऊन मेल उघडल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. "चाललंय. बाबा." आणि खाली, "बरं वाटलं बाबा. काळजी घ्या." चारही दिवस. माणूस बाजेवर तळमळत होता आणि माझी ओळ त्याच्या नावानं मजेत चालली होती. मला माझीच लाज वाटली. इतकी की त्या रिकाम्या रूममध्ये मला रडू आलं.

*

मामा बरे होऊन आले. दवाखान्याचं वैशालीला कळवू दिलं नाही. "झालं ते झालं, आता घोर कशाला?"

पण मी ती ओळ बदलली. म्हटलं, आता डीफॉल्ट नाही. सातला स्क्रीनवर प्रश्न येणार: "मामा, आहात का?" मामांनी एन्टर दाबलं तरच मेल जाणार. नाही दाबलं, तर स्क्रिप्ट जागीच थांबणार आणि मेल जाणार नाही. मग वैशाली दुपारपर्यंत सगळं खुटबाव उठवेल, मागच्या वेळी उठवलं तसं.

"म्हंजी मी नसलो तर कळंल," मामा म्हणाले.

"कळेल."

"पोरीला कळंल."

"सगळ्यात आधी तिलाच कळेल, मामा."

मामांना ते इतकं पटलं की ते गुरुवारी, सुट्टीच्या दिवशीही यायला लागले. खुटबावहून गाडीवर यायचे, सातला एन्टर दाबायचे आणि परत जायचे. गेटवर शुक्लाजीनं एकदा विचारलं, "मामाजी, छुट्टी के दिन क्या काम है?"

मामा म्हणाले, "हाजरी!"

मीही गुरुवारी जायला लागलो. खोलीत तरी काय होतं? मामा एन्टर दाबायचे, मी चहा आणायचो, आणि सात-पाचला वैशालीचं "बरं वाटलं बाबा" वाचून आम्ही दोघं आपापल्या वाटेनं जायचो. खोटं कशाला सांगू, आठवड्यातला तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता.

*

असाच एक गुरुवार. प्लांट बंद, मशीनचा आवाज नाही. सातला स्क्रीनवर प्रश्न आला: "मामा, आहात का?"

मामांनी बोट उचललं, आणि परत मांडीवर ठेवलं.

"दाबा की मामा."

"आज न्हाई दाबत."

"का?"

"बघू तरी, किती येळात फोन येतुया." डोळ्यांत पोरासारखी खोडी होती. मोबाईल खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि सरळ बसले.

मी म्हटलं, "घाबरेल ती."

"घाबरू दे जरा. धा मिन्टं. मग मी हाय की बोलायला." मग हळूच म्हणाले, "लई दिवस झालं आवाज ऐकून."

आम्ही बसलो. स्क्रीनवर प्रश्न लुकलुकत होता. मामा एकदा मोबाईलकडे बघायचे, एकदा दाराकडे. सात-दोन झाले. सात-चार झाले. त्यांनी मोबाईल उचलून रेंज बघितली आणि परत ठेवला.

सात-पाचला टिंग वाजलं. मोबाईल नव्हता, काँप्युटर होता. नवी मेल. आमची तर गेलेलीच नव्हती.

"बरं वाटलं बाबा. काळजी घ्या."

मामांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला आणि परत वाचलं. मी केबलींचा खण उघडला आणि उगाच काहीतरी शोधत राहिलो.

मागं एन्टर दाबल्याचा आवाज आला.

"असंल कामात," मामा म्हणाले.